आकडा खरा आहे कशावरून? लॅब टेक्निशियन घडतो कसा

डॉक्टर पोटॅशियमचा आकडा पाहून इंजेक्शन देतात, प्लेटलेटचा आकडा पाहून ऑपरेशन पुढे ढकलतात, रक्तगट पाहून पिशवी मागवतात. हे आकडे ज्याच्या हातातून बाहेर पडतात तो लॅब टेक्निशियन रुग्णाला क्वचितच माहीत असतो, आणि डॉक्टरांनाही बरेचदा रिपोर्टवरच्या सहीपुरताच. त्यामुळे तो काय शिकून तिथे आला, याबद्दल बाहेर फारशी माहिती नसते. ट्यूब मशीनमध्ये ठेवायची, बटण दाबायचं, कागद काढायचा, एवढंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतं.

मशीन पुष्कळ काम करतं, हे खरं आहे. पण ट्यूबमधलं रक्त कोणाचं, ते कसं काढलं, किती वेळ पडून होतं, यातलं त्याला काहीच कळत नाही. ट्यूबमध्ये जे असेल ते मोजून ते आकडा देतं. तो आकडा रुग्णाच्या शरीरातला आहे की रक्त बाहेर आल्यावर ट्यूबमध्ये तयार झालेला आहे, हे माणसालाच ओळखावं लागतं. माझ्या मते लॅब टेक्निशियनचं सगळं शिक्षण या एका प्रश्नाभोवती फिरतं. विषय बदलतात, मशीन बदलतात, प्रश्न तोच राहतो.

अभ्यासक्रमाचा सांगाडा जगभर साधारण सारखा आहे. अनेक देशांत दोन वर्षांच्या आसपासची पदविका असते आणि तीन ते चार वर्षांची पदवी असते. शरीररचना, शरीरक्रिया आणि रसायनशास्त्राचा पाया घातला की मुख्य शाखा सुरू होतात. रक्तपेशींचा अभ्यास म्हणजे हिमॅटॉलॉजी, रक्तातल्या साखर-क्षार-एन्झाइमचा अभ्यास म्हणजे बायोकेमिस्ट्री, जंतूंचा अभ्यास म्हणजे मायक्रोबायॉलॉजी. त्यांच्या जोडीला परोपजीवी, ब्लड बँक, प्रतिकारशक्तीच्या तपासण्या आणि शरीराच्या तुकड्यांची तपासणी, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी. शेवटी चालत्या लॅबमध्ये काही महिन्यांची पोस्टिंग. वर्गातलं सगळं जागेवर बसतं ते या पोस्टिंगमध्ये.

पहिला धडा सुईच्या टोकाशी

लॅबच्या चुकांचा जिथे जिथे नीट अभ्यास झाला आहे, तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: अर्ध्याहून अधिक चुका तपासणी सुरू होण्याआधीच झालेल्या असतात. चुकीच्या माणसाचं रक्त, चुकीची ट्यूब, अर्धवट भरलेली ट्यूब, उन्हात पडून राहिलेलं सॅम्पल. म्हणून रक्त काढायला शिकवताना शीर कशी सापडवायची याच्याइतकाच वेळ बाकीच्या गोष्टींवर जातो, आणि तसा तो जायलाच हवा.

सुरुवात नावापासून होते. ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारायचं नाही. घाबरलेला, अर्धवट झोपेतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा,’ असं विचारायचं आणि ते कागदाशी ताडून पाहायचं. रक्त काढून झाल्यावर, रुग्णासमोरच ट्यूबवर लेबल लावायचं. आधीच लेबल लावून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूबचा गठ्ठा वॉर्डात नेला की कधी ना कधी अदलाबदल होते. त्या अदलाबदलीचा पुढच्या कोणत्याही मशीनला पत्ता लागत नाही, कारण आकडे अगदी व्यवस्थित येतात. फक्त ते दुसऱ्याच कोणाचे तरी असतात.

मग टूर्निकेट. दंडाला बांधलेला तो पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही. शिरेत रक्त तुंबलं की पाणी बाहेर झिरपतं, प्रथिनं आणि त्यांना चिकटलेलं कॅल्शियम मागे दाट होतं, आणि आकडे खोटेच वाढतात. मूठ पुन्हा पुन्हा आवळायला लावली तर स्नायूंमधून पोटॅशियम रक्तात येतं. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हातातून रक्त घेतलं, तर रक्त पातळ झालेलं असतं आणि सलाइनमध्ये ग्लुकोज असेल तर साखर आभाळाला भिडलेली दिसते.

ट्यूबच्या टोपणांचे रंग पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतात. पण पाठांतरापेक्षा त्यामागचं कारण समजणं महत्त्वाचं आहे. जांभळ्या टोपणात ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. फिकट निळ्या टोपणात सोडियम सायट्रेट असतं, गोठण्याच्या तपासण्यांसाठी. तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण काटेकोर पाळावं लागतं. ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त पडतं, तपासणीत घातलेलं कॅल्शियमही तेच खातं, आणि रक्त गोठायला उशीर लागतोय असं दिसतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा डोस याच तपासणीवर ठरत असेल, तर अर्ध्या भरलेल्या ट्यूबमुळे डोस बदलला जाईल. लाल किंवा पिवळ्या टोपणात रक्त गोठू देतात आणि वर सुटणारं सीरम घेतात. हिरव्यात रक्त गोठू न देणारं हेपारिन असतं, करड्यात फ्लोराइड.

करड्या टोपणाची गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा अर्धीच सांगितली जाते. रक्तपेशी ट्यूबमध्येही जिवंत असतात आणि साखर खात राहतात. पेशी वेगळ्या न करता रक्त खोलीच्या तापमानाला ठेवलं तर दर तासाला साखर साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. फ्लोराइड ही भूक थांबवतं, म्हणून साखरेसाठी करडी ट्यूब. इथपर्यंत सगळे सांगतात. उरलेला अर्धा भाग असा, की फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायला वेळ लागतो आणि पहिल्या तास-दोन तासांत थोडी साखर जातेच. म्हणजे करडी ट्यूब वापरली म्हणून सॅम्पल दिवसभर टेबलावर ठेवायची मुभा मिळत नाही. जिथे निदान काठावरचं आहे, तिथे हा फरक माणसाला मधुमेही ठरवू शकतो किंवा त्याचा मधुमेह लपवू शकतो.

आता एक रिपोर्ट जवळून पाहू. समजा पोटॅशियम ८.९ आलं आहे. निरोगी माणसात ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असतं, आणि ८.९ ला हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकतं. रुग्ण मात्र खाटेवर बसून गप्पा मारतोय. शिकाऊ टेक्निशियन घाबरून लगेच फोन उचलेल. शिकलेला आधी सीरमचा रंग पाहील. ते लालसर असेल तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत. त्यांच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं, तेव्हा बारीक सुईने जोर लावून रक्त खेचलं, ट्यूब जोरात हलवली, तरी पोटॅशियम वाढतं. या सॅम्पलमध्ये सीरम पिवळं, स्वच्छ आहे. मग तो बाजूचे आकडे पाहतो: कॅल्शियम अगदीच खाली, अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइमही खूप कमी. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की उत्तर जवळजवळ समोर येतं. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए या सॅम्पलमध्ये आलं आहे. ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं म्हणून पोटॅशियम वाढलं, त्यानं कॅल्शियम धरून ठेवलं म्हणून कॅल्शियम घटलं, आणि त्या एन्झाइमला लागणारे जस्त-मॅग्नेशियमही धरून ठेवले म्हणून तेही मंदावलं. बहुधा कोणीतरी जांभळी ट्यूब आधी भरली, किंवा जांभळ्या ट्यूबमधलं जास्तीचं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं. लगेच नवं सॅम्पल मागवायचं, आणि ते का मागवतोय हे वॉर्डला स्पष्ट सांगायचं.

ट्यूब भरण्याचा क्रम ठरलेला असतो तो याचसाठी: आधी कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या बाटल्या, मग निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी करडी. परीक्षेत हा क्रम दोन गुणांना येतो. त्यामागचं पोटॅशियम ज्याला कळलं, तो क्रम आयुष्यात विसरत नाही.

हाताला लागणारं वळण

पुस्तकातून येत नाही असं या शिक्षणात बरंच काही आहे. पिपेट, म्हणजे द्रव मोजून उचलण्याचं साधन, हे त्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित. १०० मायक्रोलिटर पाणी उचलून अचूक काट्यावर टाकलं तर वजन ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. लागोपाठ दहा वेळा हेच करा आणि दहा वजनं लिहून काढा. आकडे विखुरलेले असतील तर हात अजून तयार नाही, आणि सगळेच एका बाजूला सरकलेले असतील तर पिपेट बिघडलेलं आहे किंवा पकडण्याची पद्धत चुकीची आहे. विखुरणं आणि सरकणं हा फरक इथे हाताला कळला की पुढे क्वालिटी कंट्रोल समजायला सोपं जातं. प्रत्येक शिकाऊ मुलाकडून हा प्रयोग करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. एका दुपारचं काम आहे.

दुसरं वळण स्मिअरचं, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरण्याचं. स्वच्छ काचेच्या एका टोकाजवळ रक्ताचा लहानसा थेंब ठेवायचा. दुसरी काच ३० ते ४५ अंशांत तिरकी धरून थेंबापर्यंत मागे आणायची. काचेची कड थेंबाला टेकली की रक्त कडेच्या लांबीभर धावतं. त्याच क्षणी एका सरळ, न अडखळणाऱ्या हालचालीत काच पुढे ढकलायची. जोर द्यायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. चांगला स्मिअर थेंबाकडे जाड, पुढे पुढे पातळ होत जाणारा आणि टोकाला पिसासारखा विरळ असतो. रक्त पातळ असेल, म्हणजे हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर कोन थोडा वाढवायचा. रक्त दाट असेल तर कमी करायचा. सुरुवातीचे स्मिअर जाड, पट्ट्यापट्ट्यांचे किंवा मध्येच तुटलेले येतात आणि विद्यार्थी हिरमुसतात. हे सगळ्यांचंच होतं. काचांच्या पेट्या संपवल्याशिवाय हात बसत नाही.

मग रंगवणं. लिशमन किंवा राइटसारख्या रंगात मिथेनॉल असतं, ते पेशींना काचेवर पक्कं करतं. त्या मिथेनॉलमध्ये पाण्याचा अंश शिरला तर तांबड्या पेशींत खोटे डाग दिसतात. बफरचा, म्हणजे रंगासोबत वापरायच्या द्रावणाचा, पीएच ६.८ च्या आसपास हवा. तो आम्लाकडे झुकला तर सगळं गुलाबी आणि केंद्रकं फिकी, अल्कलीकडे झुकला तर सगळंच निळसर. मलेरियाचा परोपजीवी शोधायचा असेल तेव्हा मात्र ७.२ पीएच बरा पडतो, आतले बारीक ठिपके जास्त स्पष्ट दिसतात.

काच मायक्रोस्कोपखाली लावली की पुढचा प्रश्न: नेमकं बघायचं कुठे? जाड भागात पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, अगदी टोकाला त्या चपट्या होऊन आकार हरवतात. टोकाच्या थोडं अलीकडे, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तिथे वाचायचं. मोठ्या पांढऱ्या पेशी ढकलल्या जाऊन कडांना आणि टोकाला जमतात. म्हणून फक्त मधला पट्टा मोजला की मोनोसाइट या मोठ्या पांढऱ्या पेशी कमी येतात, आणि कडेनंच मोजत गेलं की उलट होतं. यावर उपाय म्हणून नागमोडी चालीनं, कडेपासून आत आणि परत कडेपर्यंत मोजत जातात.

साधारणपणे १०० पांढऱ्या पेशी मोजून टक्केवारी काढतात. ती टक्केवारी किती भरवशाची, हे फार थोड्या ठिकाणी समजावून सांगितलं जातं. १०० पेशींत इओसिनोफिल या प्रकारच्या ५ पेशी मिळाल्या, तर खरं प्रमाण साधारण २ ते ११ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. म्हणजे गेल्या आठवड्यात ३ टक्के आणि आज ६ टक्के आले तर रुग्णात काही बदललंच असेल असं नाही. मशीन हजारो पेशी मोजतं, म्हणून निव्वळ मोजणीत ते माणसापेक्षा सरस आहे. पेशी विचित्र दिसत असेल, कोवळी असेल, तिच्यात परोपजीवी असेल, तेव्हा मात्र डोळाच लागतो.

हातानं पेशी मोजण्याचा न्यूबाउर चेंबर, म्हणजे चौकटी आखलेली खास काच, आता मोठ्या लॅबमध्ये पाठीच्या कण्यातलं पाणी आणि तसेच काही द्रव तपासण्यापुरता उरला आहे. तरी तो शिकवायलाच हवा, कारण त्यात मोजणीचं गणित उघडं दिसतं. रक्त वीस पट पातळ करायचं. त्यासाठी वापरलेल्या द्रवातलं अॅसिटिक अॅसिड तांबड्या पेशी फोडतं आणि रंग पांढऱ्यांची केंद्रकं दाखवतो. चेंबरची खोली ०.१ मिलिमीटर. एकेक चौरस मिलिमीटरचे चार कोपरे मोजले की ०.४ घन मिलिमीटर जागा मोजून होते. मिळालेल्या पेशींना ०.४ ने भागायचं, २० ने गुणायचं, म्हणजेच थेट ५० ने गुणायचं. १४० पेशी दिसल्या तर एका घन मिलिमीटरमध्ये ७,०००. डाव्या आणि वरच्या रेषेला टेकलेल्या पेशी धरायच्या, उजव्या आणि खालच्या रेषेवरच्या सोडायच्या, म्हणजे कोणतीच पेशी दोनदा मोजली जात नाही.

काही सेकंदांवर ठरणारा रंग

मायक्रोबायॉलॉजीत शिकाऊ माणसाची खरी परीक्षा ग्रॅम स्टेनमध्ये होते. हान्स क्रिस्तियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरानं १८८४ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही जंतूंची पहिली वाटणी तिनंच होते. आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडिन. दोघं मिळून जंतूच्या आत जाड गुंता बनवतात. मग अल्कोहोल किंवा अॅसिटोननं धुवायचं. ज्यांची भिंत जाड आहे ते जंतू हा गुंता धरून ठेवतात आणि जांभळे राहतात. ज्यांची भिंत पातळ आहे त्यांचा रंग निघून जातो, आणि शेवटी लावलेल्या सॅफ्रॅनिननं ते गुलाबी होतात.

सगळी मेख धुण्याच्या त्या काही सेकंदांत आहे. जास्त धुतलं तर जांभळे जंतूही गुलाबी होतात, कमी धुतलं तर गुलाबी असायला हवेत ते जांभळेच राहतात. स्लाइड जाड असेल तर एकाच काचेवर दोन्ही चुका सापडतात. डॉक्टर पहिलं अँटिबायोटिक निवडताना या रंगाचा आधार घेतात, कारण कल्चरचं उत्तर यायला एक-दोन दिवस जातात आणि मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून रोज ओळखीच्या जंतूंची कंट्रोल स्लाइड सोबत रंगवायची: एक नक्की जांभळा येणारा, एक नक्की गुलाबी येणारा. त्या दोघांनी बरोबर रंग दाखवला तरच रुग्णाची स्लाइड वाचायची. सवय झाली की लोक हे टाळू लागतात. ज्या लॅबमध्ये ही स्लाइड रोज रंगवली जाते, तिथे शिकायला मिळणं हे भाग्य आहे.

ब्लड बँक

बाकी विभागांत एक चूक झाली तर पुढची तपासणी ती पकडण्याची शक्यता असते. ब्लड बँकेत पिशवी लागली की काही मिनिटांत अनर्थ होऊ शकतो. कार्ल लँडस्टाइनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला, त्यासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून रक्तगटाचा पाया तोच आहे. शिकाऊ माणसाच्या मनावर एक गोष्ट ठसवतात: गट दोन बाजूंनी काढायचा. रुग्णाच्या तांबड्या पेशींना ओळखीचं अँटी-ए आणि अँटी-बी (ए किंवा बी पेशींची गुठळी करणारी अँटिबॉडी) लावायचं, आणि रुग्णाच्या सीरमला ओळखीच्या ए आणि बी पेशी लावायच्या. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. नाही जुळली तर कारण सापडेपर्यंत लिहायचा नाही.

दुसरी बाजू किती मोलाची आहे हे १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या बॉम्बे गटावरून कळतं. या माणसांच्या पेशी अँटी-ए, अँटी-बी कोणालाच प्रतिसाद देत नाहीत, म्हणून पहिल्या बाजूनं त्या ओ दिसतात. पण त्यांच्यात ओ गटाच्या पेशींवर असणारी एच अँटिजेन नावाची खूणही नसते, आणि त्यांच्या सीरममध्ये तिच्याविरुद्ध अँटिबॉडी असते. सीरमच्या बाजूला ओ पेशीही लावल्या की त्यांचीही गुठळी झालेली दिसते आणि गुपित उघडं पडतं. या माणसाला साधं ओ रक्त दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. त्याला त्याच गटाचं, म्हणजे बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. हे उदाहरण प्रत्येक वर्गात सांगितलं जावं, आणि नुसती दुर्मीळ गंमत म्हणून नको. दोन बाजू न जुळणं हीच माहिती असते, हे त्यातून शिकवायला हवं.

एवढं असूनही रक्त देताना होणाऱ्या जीवघेण्या चुका बहुतेक वेळा रसायनात नसतात. चुकीच्या माणसाचं सॅम्पल किंवा चुकीच्या माणसाला पिशवी, असंच त्यांचं रूप असतं. पुन्हा नावच.

कंट्रोल: मशीनची रोजची परीक्षा

हा भाग विद्यार्थ्यांना सगळ्यात रुक्ष वाटतो. मला तो या कामाचा आत्मा वाटतो.

रोज रुग्णांची सॅम्पलं लावण्याआधी उत्तर माहीत असलेलं एक द्रावण मशीनला देतात. त्याला कंट्रोल म्हणतात. समजा साखरेच्या कंट्रोलची सरासरी १०० आहे आणि नेहमीचा चढउतार, म्हणजे एक प्रमाण विचलन, ३ आहे. मग १०० पैकी साधारण ९५ वेळा उत्तर ९४ ते १०६ च्या आत येईल. हे ठिपके रोज एका आलेखावर मांडतात. तो आलेख १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी लॅबसाठी वापरात आणला, आणि तो कसा वाचायचा याचे जास्त चोख नियम १९८१ मध्ये वेस्टगार्ड यांनी दिले.

आज उत्तर १०७ आलं. ही नुसती सूचना आहे. वीसात एखाद्या वेळी असं नुसत्या योगायोगानंही होतं. ११० आलं तर तीन विचलनांची हद्द ओलांडली, काम थांबवायचं. काल १०७ आणि आज १०७, दोन्ही एकाच बाजूला, तरीही थांबायचं, कारण काहीतरी सरकलं आहे. आणि सगळ्यात सहज निसटणारा प्रकार असा: १०२, १०१, १०३, १०२, १०४ असे सलग दहा दिवस सगळे आकडे हद्दीत, पण सगळे सरासरीच्या वरच. एकही आकडा चुकीचा दिसत नाही, पण सगळे मिळून सांगतात की रीएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, जुनं होतंय, दिवा मंदावतोय किंवा कॅलिब्रेशन हललं आहे. एखादाच ठिपका भरकटला तर बुडबुडा, पिपेटिंग किंवा विजेचा झटका असे कारणांचे वेगळे धागे शोधायचे. पिपेटचं विखुरणं आणि सरकणं आठवा, तेच इथे आलेखावर दिसतं.

एक वाईट सवय इथे नावानिशी सांगायला हवी: कंट्रोल हद्दीबाहेर गेला की तोच पुन्हा पुन्हा लावत राहायचं, आत आला की पुढे जायचं. यानं काहीच तपासलं जात नाही. कारण शोधणं, ते लिहून ठेवणं आणि मधल्या वेळात गेलेले रिपोर्ट पुन्हा पाहणं, हे कंटाळवाणं काम म्हणजेच क्वालिटी कंट्रोल.

रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेली मर्यादाही याच गणितातून येते. बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के जिथे बसतात, तो पट्टा ‘नॉर्मल’ म्हणून छापतात. म्हणजे अगदी निरोगी वीस माणसांमागे एकजण त्याच्या बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी ‘अॅबनॉर्मल’ येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मोठी पॅकेजं करून घेऊन घाबरणाऱ्या लोकांनाही हे कळायला हवं.

मशीनच्या आकड्याला प्रश्न विचारणं

पेशी मोजणारी बरीच मशीन वॉलेस कूल्टर यांच्या तत्त्वावर चालतात. त्याचं पेटंट त्यांना १९५३ मध्ये मिळालं. बारीक छिद्रातून विजेचा प्रवाह चालू असतो, पेशी त्यातून गेली की प्रवाहाला अडथळा होतो, आणि अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. तत्त्व समजलं की त्याच्या चुकाही समजतात. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात. मशीनला ती गुठळी म्हणजे एकच मोठी पेशी वाटते, आणि प्लेटलेट २८,००० छापून येतात. स्मिअर पाहिला तर टोकाला प्लेटलेटचे पुंजके दिसतात. मग सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन मोजायचं आणि सायट्रेटनं झालेल्या पातळपणासाठी १.१ ने गुणायचं. हे न पाहता रिपोर्ट गेला, तर निरोगी माणसाला प्लेटलेट चढवल्या जातील.

दुसरी खूणगाठ: ग्रॅममधल्या हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्याच्या, टक्क्याएवढी असते. हे गणित फार हुकलं आणि एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनची दाटी, अशक्य वाटावी इतकी वर गेली, तर थंडीत तांबड्या पेशी एकमेकींना चिकटल्या असतील. ट्यूब ३७ अंशांवर गरम करून लगेच पुन्हा लावा. किंवा सीरम चरबीनं दुधाळ असेल आणि हिमोग्लोबिन खोटं वाढलं असेल. यासोबत त्याच रुग्णाचा आधीचा आकडाही पाहायचा. दोन दिवसांत काहीही कारण नसताना तांबड्या पेशींचा आकार बदलत नाही. बदलला असेल तर ट्यूब बहुधा दुसऱ्याची आहे.

आणि एवढं सगळं तपासून आकडा खराच निघाला, जीव धोक्यात असल्याचा निघाला, तर रिपोर्ट छापून ट्रेमध्ये ठेवून चालत नाही. फोन करायचा, समोरच्याकडून नाव आणि आकडा परत म्हणून घ्यायचा, वेळ आणि फोन घेणाऱ्याचं नाव लिहायचं.

स्वतःचा जीव

सुरक्षेचे नियम थोडे आहेत आणि त्यात सूट नाही. प्रत्येक सॅम्पल संसर्गाचं आहे असंच धरायचं. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, ती थेट कठीण डब्यात टाकायची. तोंडानं पिपेट ओढायचं नाही. सेंट्रिफ्यूज समोरासमोर समान वजनाच्या ट्यूब ठेवूनच सुरू करायचं आणि पूर्ण थांबल्याशिवाय उघडायचं नाही. संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो, लस न घेतलेल्याला हेपेटायटिस बीचा धोका मात्र ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पोस्टिंगला जाण्याआधी हेपेटायटिस बीच्या लसीचे डोस पूर्ण झालेले हवेत. सुई टोचलीच तर लपवू नका. जागा साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करून उपयोग राहत नाही.

कोर्स निवडताना

आधी तुमच्या देशातल्या नोंदणी करणाऱ्या संस्थेची त्या कोर्सला मान्यता आहे का, ते संस्थेकडूनच कळवून घ्या, माहितीपत्रकावर विसंबू नका. मग कॉलेजची लॅब बघायला जा. एका मायक्रोस्कोपमागे किती विद्यार्थी आहेत? रक्त काढण्याचा सराव प्रत्येकाला मिळतो की एकजण काढतो आणि बाकीचे बघतात? पोस्टिंग खऱ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे का, त्यात ब्लड बँक आणि मायक्रोबायॉलॉजी दोन्ही आहेत का, आणि रात्रपाळीही आहे का? रात्री माणसं कमी असतात, तातडीची सॅम्पलं येतात, आणि आकड्याचा निर्णय तुम्हाला वरिष्ठांशी फोनवर बोलून घ्यावा लागतो. ती सवय शिकतानाच लागलेली बरी. शेवटी तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला बाजूला घेऊन विचारा, की कंट्रोल बाहेर गेला तर इथे काय करतात. उत्तर पटकन आणि तपशिलात आलं तर प्रवेश घ्यायला हरकत नाही.